वन्यप्राण्यांच्या रक्तातील गोचीडजन्य परजीवी कसे शोधावेत: खानापूरच्या रानकडेला काम करणाऱ्यांसाठी

भीमगड अभयारण्याच्या कडेने, म्हणजे जांबोटी, कणकुंबी, हेमडगा, गुंजी, लोंढा या पट्ट्यात, गव्यांचा कळप आणि गवळी-धनगरांच्या म्हशी पुष्कळदा एकाच गवतावर चरतात. म्हशी दिवसा आणि गवे तिन्हीसांजेनंतर, एवढाच काय तो फरक. गवताच्या शेंड्यावर टपून बसलेल्या गोचिडाला त्या फरकाशी काही देणेघेणे नसते. म्हणूनच एखादा गवा मरून पडला किंवा विहिरीतून बाहेर काढलेला बिबट्या अशक्त दिसला, की रक्त तपासून बघा, अशी सूचना हमखास येते. मग कोणीतरी घाईने रक्ताची काच (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) काढतो, काही दिवसांनी ‘थायलेरिया आढळला’ असा एका ओळीचा अहवाल येतो आणि कारण सापडले असे समजून फाईल बंद होते. त्या एका ओळीला खरा अर्थ यावा यासाठी तिच्या आधी आणि नंतर काय करायला हवे, ते येथे सांगितले आहे. तालुक्याचे पशुवैद्यकीय अधिकारी, पशुधन निरीक्षक, वनरक्षक आणि प्राणिशास्त्राचे विद्यार्थी हा वाचक डोळ्यांसमोर आहे.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी. गवा, सांबर, चितळ, भेकर अशा प्राण्यांच्या रक्तात थोडे परजीवी असणे ही रानातली नेहमीची स्थिती आहे. लहानपणी संसर्ग होतो, प्राणी त्यातून सावरतो आणि पुढे बहुधा आयुष्यभर अल्प प्रमाणात ते परजीवी अंगात बाळगतो. त्यामुळे परजीवी दिसला एवढ्यावरून आजार ठरत नाही. आजार ठरवायचा तर प्राण्याची अवस्था, त्याच्या अंगावरचे गोचीड, शेजारच्या गोठ्यातली जनावरे आणि रक्ताची काच या चारही गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्या लागतात.

शोध कोणाचा घ्यायचा

तांबड्या पेशींत राहणारे बबेशिया आणि थायलेरिया हे दोन एकपेशीय परजीवी प्रमुख आहेत. मांसाहारी प्राण्यांत त्यांच्या जोडीला हेपॅटोझून येतो, जो पांढऱ्या पेशींत दिसतो. अ‍ॅनाप्लाझ्मा आणि अर्लिकिया यांची नावे याच यादीत घेतली जातात. ते जिवाणू आहेत, पण गोचिडांमार्फत पसरतात आणि त्याच काचेवर दिसतात, म्हणून त्यांची नोंद सोबतच घ्यावी. सर्रा रोगाचा ट्रिपॅनोसोमा मात्र चावऱ्या माश्यांमुळे पसरतो. तो काचेवर दिसला तर जरूर लिहावा, परंतु त्याचा दोष गोचिडांवर टाकू नये.

कोणता परजीवी कोणत्या गोचिडाकडून येऊ शकतो, हे नीट समजून घेतले की निम्मे चुकीचे निष्कर्ष आपोआप टळतात. गोचिडाच्या चार अवस्था असतात: अंडे, सहा पायांची अळी, आठ पायांचे अर्भक आणि प्रौढ. आपल्या गाईम्हशींवर सर्वांत जास्त दिसणारा ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस हा एकाच जनावरावर अळीपासून प्रौढापर्यंत वाढतो. सुमारे तीन आठवड्यांत रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली गळून पडते आणि दोन-तीन हजार अंडी घालून मरते. अळीचा प्रौढ होईपर्यंत हा गोचीड दुसऱ्या जनावरावर सहसा जात नाही. तरीही तो बबेशिया पसरवतो, कारण बबेशिया मादीच्या अंड्यांत उतरतो आणि पुढच्या पिढीतल्या अळ्या जन्मतःच संसर्ग घेऊन येतात. 1893 साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी गुरांच्या टेक्सास तापाचा गोचिडाशी संबंध दाखवून दिला, तेव्हा आईकडून अळ्यांकडे जाणारी हीच वाट त्यांच्या हाती लागली होती.

थायलेरियाला ही सोय नाही. तो अंड्यांत उतरत नाही. अळीने किंवा अर्भकाने रक्तासोबत तो उचलायचा, कात टाकायची आणि पुढच्या अवस्थेत दुसऱ्या जनावराला चावून तो पोहोचवायचा, एवढीच त्याची वाट. याचा अर्थ असा की थायलेरियाला अवस्थेगणिक यजमान बदलणारा गोचीड लागतो: गोठ्याच्या भिंतीच्या फटींत राहणारा हायलोमा, किंवा रानातला हिमॅफायसॅलिस. एखाद्या गव्याच्या अंगावर केवळ मायक्रोप्लस सापडले आणि रक्तात थायलेरिया दिसला, तर तो संसर्ग त्या गोचिडांनी दिलेला नाही, खरा वाहक आधीच गळून गेला असावा, असे धरून चालावे. हेपॅटोझूनची तऱ्हा आणखी वेगळी: गोचीड चावल्याने तो होत नाही, तर गोचीड गिळल्याने होतो. अंग चाटून साफ करणारा किंवा गोचिडांनी भरलेले भक्ष्य खाणारा बिबट्या, वाघ, कोळसून (रानकुत्रा) यांना तो असाच मिळतो. भारतात सिंह, वाघ आणि बिबट्या या तिन्ही प्राण्यांत हेपॅटोझून आढळलेला आहे, आणि बहुतेक वेळा त्यापासून काही लक्षण दिसत नाही.

परवानगी

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे वन्यप्राण्याला पकडणे हीही शिकारच ठरते आणि शास्त्रीय कामासाठी लागणारा परवाना कलम 12 खाली मुख्य वन्यजीव रक्षकांकडून घ्यावा लागतो. मेलेला प्राणी आणि त्याचे अवयव ही शासनाची मालमत्ता असते. त्यामुळे ‘फक्त कानाचा थेंबभर रक्त घेतला’ ही सबब चालत नाही. केवळ रक्त तपासण्यासाठी प्राण्याला बेशुद्ध करावे, याला माझा विरोध आहे. बेशुद्धीचा धोका त्या माहितीच्या मोलापेक्षा मोठा असतो. बचावकार्य, स्थलांतर किंवा पट्टा बसवणे यांसाठी अधिकृत पथकाने प्राणी बेशुद्ध केलेलाच असेल, तेव्हा त्यांच्या पशुवैद्यकाला आधीपासून साहित्य आणि नोंदपत्रक देऊन ठेवावे.

नोंदपत्रकाबाबत एक स्थानिक अडचण आहे. गावात बोलणे मराठीत होते, कार्यालयीन कागद कन्नडमध्ये निघतो आणि प्रयोगशाळेचा अर्ज इंग्रजीत असतो. एकाच वाडीचे नाव तीन प्रकारे लिहिले जाते आणि वर्षअखेरीस ती तीन गावे म्हणून मोजली जाते. म्हणून गावाच्या नावाशेजारी अक्षांश-रेखांश लिहिणे सक्तीचे करावे.

स्वतःचे रक्षण

माकडताप हा विषाणूचा आजार आहे, रक्तपरजीवींचा नव्हे. परंतु तो पसरवणारा मुख्य गोचीड, हिमॅफायसॅलिस स्पायनिजेरा, नेमका त्याच पाचोळ्यात असतो जिथे आपल्याला गोचीड गोळा करायचे आहेत. 1957 साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात ओळखला गेलेला हा आजार पुढे सह्याद्रीच्या कडेने वर सरकला. गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात त्याच्या साथी येऊन गेल्या आहेत. आपल्याकडचे मजूर काजूच्या हंगामात तिकडे जातात, हेही ध्यानात ठेवायला हवे. पावसाळा संपल्यानंतर अळ्या आणि त्यानंतर उन्हाळ्यापर्यंत अर्भके सक्रिय असतात. माणसाला बहुधा अर्भक चावते, आणि ते तिळाएवढेही नसते.

कामाला जाताना फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, विजारीचे पाय मोज्यांत खोचावेत, वर गमबूट चढवावेत आणि उघड्या त्वचेला गोचीड दूर ठेवणारे डेपा तेल लावावे. पाचोळ्यावर बसू नये. परतल्यावर कपडे थेट गरम पाण्यात टाकावेत आणि काख, जांघ, गुडघ्याची मागची बाजू, कानामागे, केसांच्या कडेने दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्यावे. गोचीड बोटांनी चिरडू नये. आपल्याकडे ही सवय फार खोलवर आहे आणि ती मोडणे कठीण जाते. मेलेले वानर किंवा माकड दिसले तर त्याच्या जवळ न जाता वनखात्याला आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवावे, कारण मेलेल्या माकडाच्या अंगावरून गोचीड आसपासच्या जमिनीवर पसरतात. कामानंतर आठवडाभरात अचानक जोराचा ताप, डोकेदुखी आणि कंबरदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना आपण रानात गोचीड गोळा करत होतो हे आपणहून सांगावे.

आधी गोठा, मग रान

रानातल्या प्राण्याचे रक्त वर्षातून क्वचितच मिळते; शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीचे हव्या त्या दिवशी मिळते. म्हणून पहिला अभ्यास गोठ्याचाच करावा. रानकडेच्या वाडीतली काही गावठी गुरे, काही संकरित गाई, धनगरांच्या म्हशी आणि गावातली कुत्री यांच्या रक्ताच्या काचा आणि अंगावरचे गोचीड ऋतुमानाप्रमाणे घ्यावेत: एकदा पावसाळ्यात, एकदा दिवाळीच्या सुमारास, एकदा उन्हाळ्यात. संकरित गाय थायलेरियाला चटकन बळी पडते. ताप येतो, खांद्याच्या पुढची लसिका ग्रंथी सुजते, दूध आटते. गावठी गुरे आणि म्हशी तोच परजीवी पुष्कळदा निमूट बाळगतात. ज्या वाडीत संकरित गाई नुकत्याच आल्या आणि लगेच आजारी पडल्या, तिथे परजीवी आणि वाहक दोन्ही आधीपासून होते असे समजावे.

कुत्र्यांकडे विशेष लक्ष द्यावे. बिबट्या गावाच्या कडेला कुत्री उचलतो, म्हणजे कुत्र्याच्या अंगावरचा तपकिरी गोचीड आणि कुत्र्याच्या रक्तातले सर्व काही बिबट्याच्या पुढ्यात येते.

गोचीड गोळा करणे

जमिनीवरचे गोचीड गोळा करण्यासाठी एक मीटर लांब-रुंद पांढरे फ्लॅनेलचे कापड एका बाजूने काठीला शिवून घ्यावे. दव सुकल्यावर सकाळी हे कापड गवतावरून आणि पाचोळ्यावरून सावकाश ओढत न्यावे आणि दर दहा पावलांवर उलटून पाहावे. कापड ओले झाले की गोचीड त्याला धरत नाहीत, म्हणून जांबोटीच्या पावसात हे काम करण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात जनावरांवरचेच गोचीड घ्यावेत. किती अंतर ओढले ते लिहून ठेवावे, नाहीतर दोन ठिकाणांची तुलना करता येत नाही. गुरे बसण्याची जागा, पाणवठ्याकडे जाणारी पायवाट, दलदलीची कडा आणि आतले दाट रान असे वेगवेगळे पट्टे ठरवून घ्यावेत.

अंगावर चिकटलेला गोचीड काढताना बारीक टोकाच्या चिमट्याने तोंडाच्या अगदी मुळाशी, म्हणजे कातडीला लागून धरावा आणि सरळ वर ओढावा. पीळ देऊ नये, रॉकेल किंवा तेल ओतू नये. कानाची आतली बाजू, मान, काख, जांघ, कास, शेपटीखालचा भाग आणि मांसाहारी प्राण्यांत बोटांमधली बेचकी या जागा क्रमाने पाहाव्यात. सगळे मोठे फुगलेले गोचीड घ्यायचे आणि बारीक सोडून द्यायचे, असे केले तर नेमक्या कामाच्या अळ्या-अर्भके हातची जातात. एका प्राण्याचे गोचीड एका नळीत, 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत. नळीत कागदाची चिठ्ठी टाकावी आणि तीवर शिसपेन्सिलीने लिहावे. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये तासाभरात उतरते आणि मागे कोरा निळसर कागद उरतो. विषाणूची तपासणी अपेक्षित असेल तर अल्कोहोल चालत नाही, शीतसाखळी लागते, आणि ते काम प्रशिक्षित पथकावरच सोडावे.

ओळख पटवण्यासाठी दहा पट भिंग पुरते. पाठीवरचे कठीण कवच नरात पूर्ण पाठ झाकते, मादीत फक्त पुढचा भाग. हायलोमाची सोंड लांब आणि पायांवर फिकट पट्टे असतात. हिमॅफायसॅलिसला डोळे नसतात आणि सोंडेच्या बाजूचे स्पर्शक आखूड, बाहेर फाकलेले दिसतात. ऱ्हिपिसेफॅलसच्या डोक्याचा पाया षटकोनी असतो. लांब सोंडेचा आणि कवचावर नक्षी असलेला मोठा गोचीड सांबरावर सापडला तर तो अ‍ॅम्ब्लिओमा असण्याची शक्यता धरावी. जातीपर्यंतचे नाव स्वतः ठोकून देऊ नये; हायलोमा, हिमॅफायसॅलिस अशा प्रजातीच्या नावापर्यंत लिहावे आणि नमुना तज्ज्ञाकडे पाठवावा.

रक्ताची काच

कानाच्या कडेला स्पिरिटने पुसून, ते पूर्ण सुकू देऊन, सुई टोचावी आणि आलेल्या पहिल्याच थेंबाची काच करावी. बबेशियाच्या काही जाती केशवाहिन्यांत दाटतात, त्यामुळे मानेच्या शिरेतल्या रक्तापेक्षा कानाच्या थेंबात त्या सापडण्याची शक्यता अधिक. थेंब मोहरीएवढा पुरे. दुसरी काच 30 ते 45 अंशांत धरून मागे थेंबाला टेकवावी, रक्त कडेने पसरू द्यावे आणि मग एका दमात, न दाबता, पुढे सरकवावी. चांगल्या काचेला शेवटी जिभेसारखी पातळ कड येते. वाचन त्या कडेच्या थोडे अलीकडे करायचे असते, जिथे पेशी एकमेकींवर न चढता शेजारी शेजारी बसतात.

यानंतरची दोन मिनिटे आपल्या भागात सर्वांत महत्त्वाची आहेत. जून ते सप्टेंबर कणकुंबीकडे हवा इतकी दमट असते की काच आपोआप लवकर सुकत नाही. तेवढ्यात तांबड्या पेशी आकसतात, त्यांच्या कडा काटेरी होतात आणि आत चकाकणारे ठिपके दिसू लागतात, ज्यांना नवखा तपासनीस खुशाल परजीवी म्हणतो. काच हातपंख्याने किंवा गाडीतल्या ब्लोअरच्या कोमट हवेवर लगेच सुकवावी, आणि मिथेनॉलमध्ये तीन ते पाच मिनिटे बुडवून जागेवरच स्थिर करावी. मिथेनॉलची बाटली घट्ट बंद ठेवावी, कारण ते हवेतले पाणी ओढते आणि पाणी शिरलेले मिथेनॉल पेशी फोडते. रंगवण्याचे काम मात्र दवाखान्यात येऊन निवांत करावे: जिम्सा रंग एकास नऊ या प्रमाणात 7.2 सामूच्या बफर पाण्यात मिसळून अर्धा तास. विहिरीचे किंवा नळाचे पाणी वापरल्यास पेशी एकतर निळसर होतात किंवा गुलाबी, आणि परजीवीचे जांभळे केंद्रक उठून दिसत नाही.

काचेसोबत जांभळ्या झाकणाच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत दोन-तीन मिली रक्त घ्यावे, बर्फाच्या पेटीत ठेवावे, पण गोठवू नये. शीतपेटी नसेल तर गाळणकागदावर रक्ताचे चार ठिपके घेऊन सावलीत पूर्ण वाळवावेत आणि सिलिकाच्या पुडीसह बंद पिशवीत ठेवावेत. जनुकीय तपासणीला ते पुरेसे होतात. हेही आवश्यकच आहे, कारण थायलेरियाच्या निरुपद्रवी आणि घातक जाती काचेवर जवळजवळ सारख्याच दिसतात. गुरांमधली जात आणि गव्यामधली जात एकच आहे का, हा मूळ प्रश्न सूक्ष्मदर्शक सोडवू शकत नाही.

प्राणी मेलेला असेल तर

गवा किंवा सांबर अचानक मरून पडला आहे, नाका-गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त आले आहे, पोट लगेच फुगले आहे, अशी स्थिती असेल तर शव उघडू नये. ही काळपुळीची, म्हणजे अँथ्रॅक्सची लक्षणे असू शकतात आणि शव उघडताच जिवाणूचे बीजाणू तयार होऊन ती जमीन वर्षानुवर्षे दूषित राहते. हातमोजे घालून फक्त कानाच्या टोकाची काच घ्यावी, तिची तपासणी आधी त्या दृष्टीने करून घ्यावी आणि तोवर शव राखावे. मांसाहारी प्राण्यात पिसाळण्याची शंका गृहीत धरूनच हात लावावा.

अँथ्रॅक्सची शंका फिटली आणि पशुवैद्यकाने महजर (पंचनामा) करून शवविच्छेदन केले, तर प्लीहा, फुप्फुस, यकृत, लसिका ग्रंथी आणि मेंदू यांचे ताजे काप काचेवर हलकेच टेकवून ठसे घ्यावेत. लसिका ग्रंथीच्या ठशात पांढऱ्या पेशींमध्ये निळसर पिंड, ज्यांना कोखचे पिंड म्हणतात, दिसले तर थायलेरियाचा सक्रिय संसर्ग होता असे म्हणता येते. नुसत्या तांबड्या पेशींतल्या ठिपक्यांपेक्षा हा पुरावा कितीतरी वजनदार आहे. शव एक दिवसाहून जुने असेल तर रक्ताच्या काचेवर वेळ घालवू नये, प्लीहेचा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवून जनुकीय तपासणीला द्यावा.

काच वाचणे

शंभर पटीच्या भिंगाखाली, तेल घालून, निदान शंभर दृश्यक्षेत्रे पाहावीत. बबेशिया नासपतीच्या आकाराच्या जोडीने, टोके जुळवून बसलेला दिसतो. थायलेरिया लहान असतो: काडी, स्वल्पविराम किंवा अंगठीसारखा. हेपॅटोझून पांढऱ्या पेशीत औषधाच्या कॅप्सूलसारखा आडवा पडलेला असतो. अ‍ॅनाप्लाझ्मा तांबड्या पेशीच्या कडेला गडद ठिपका म्हणून दिसतो, त्याभोवती पेशीद्रव नसतो. फसवणूक करणाऱ्यांत पहिला क्रमांक रंगाच्या गाळाचा. सूक्ष्मदर्शकाचा फोकस किंचित वर-खाली केला की गाळ पेशीपेक्षा वेगळ्या पातळीवर स्पष्ट होतो, परजीवी पेशीसोबतच स्पष्ट होतो. दुसरा क्रमांक पेशीवर बसलेल्या रक्तबिंबिकेचा (प्लेटलेटचा). तिच्याभोवती बहुधा फिकट वलय असते. शंका राहिली तर ‘आढळला’ असे न लिहिता ‘संशयास्पद’ लिहावे आणि त्या जागेचे छायाचित्र जोडावे.

नुसते आहे-नाही लिहून थांबू नये. हजार तांबड्या पेशींत किती बाधित आहेत ते मोजावे. हजारात एखादी बाधित पेशी आणि शंभरात दहा बाधित पेशी या दोन अवस्थांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि ‘आढळला’ हा शब्द तो फरक पुसून टाकतो.

अर्थ लावणे

बबेशियाने किंवा थायलेरियाने प्राणी मेला असे लिहायचे असेल तर शरीरात त्याची साक्ष हवी: फिकट किंवा पिवळी पडलेली श्लेष्मल त्वचा, सुजलेली प्लीहा, मूत्राशयात लालसर-कॉफीसारखे मूत्र, सुजलेल्या ग्रंथी, उतरलेले हिमोग्लोबिन. यातले काहीच नसेल तर परजीवी केवळ सोबती होता असे मानावे आणि विजेचा धक्का, विष, फास, न्यूमोनिया, झुंज यांचा शोध चालू ठेवावा.

आणि साक्ष असेल तर पुढचा प्रश्न विचारावा: आजवर निमूट राहिलेला परजीवी आताच का उसळला? याचे सर्वांत बोलके उदाहरण आफ्रिकेतले आहे. 1994 मध्ये सेरेंगेटीत आणि 2001 मध्ये न्गोरोंगोरो विवरात सिंह मोठ्या संख्येने मेले. त्याआधीही तिथल्या सिंहांत कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाच्या विषाणूच्या लाटा येऊन गेल्या होत्या, पण तेव्हा मृत्यू झाले नव्हते. या दोन्ही वेळी आधी तीव्र दुष्काळ पडला, उपासमारीने खंगलेल्या रानरेड्यांवर गोचीड माजले, सिंहांनी ते रेडे खाल्ले, सिंहांच्या रक्तात बबेशिया वाढला आणि नेमक्या त्याच काळात डिस्टेंपरने त्यांची प्रतिकारशक्ती खच्ची केली. दोघांपैकी एकट्याने ते घडले नसते. आपल्याकडे 2018 साली गीरमध्ये 20 हून अधिक सिंह दगावले, तेव्हाही डिस्टेंपर आणि बबेशिया ही जोडी पुढे आली. म्हणून बिबट्यात किंवा कोळसुनात बबेशियाचे प्रमाण जास्त आढळले, तर त्याच रक्ताची डिस्टेंपरसाठी तपासणी मागितल्याशिवाय अहवाल पुरा करू नये.

टक्केवारी काढताना हात आखडता ठेवावा. बचावकार्यात हाती येणारे प्राणी जखमी, म्हातारे किंवा भरकटलेले असतात. त्यांच्यावरून ‘या रानातल्या इतक्या टक्के गव्यांत संसर्ग आहे’ असे म्हणणे म्हणजे दवाखान्यातल्या रांगेवरून गावाचे आरोग्य ठरवणे होय. उलट बाजूनेही हाच संयम हवा. 30 प्राणी तपासले आणि एकातही काही सापडले नाही, तरी त्या कळपातला संसर्ग दहा टक्क्यांपर्यंत असू शकतो. नमुन्यांच्या संख्येने तीनाला भागले की ही वरची मर्यादा ढोबळमानाने मिळते.

सापडल्यावर काय करावे

रानातल्या प्राण्यांना औषध देण्याच्या फंदात पडू नये. पिंजऱ्यात असलेल्या, खरोखर आजारी प्राण्याला डायमिनाझीन किंवा बुपारव्हाक्वोन द्यायचे का, हा वन्यजीव पशुवैद्यकाचा निर्णय आहे. मोकळ्या कळपात थोडा संसर्ग असणे हेच त्या कळपाचे संरक्षण असते. गोचीड मारण्यासाठी गवत पेटवण्याची पद्धत मात्र ठामपणे थांबवायला हवी; पाचोळ्याखालचे गोचीड पुष्कळसे वाचतात, आणि जळते ते गव्याचे उन्हाळ्यातले खाणे.

खर्च करायचा असेल तर तो गोठ्यावर करावा. संकरित वासरांना थायलेरियाची लस, गोठ्याच्या भिंतींच्या फटी बुजवणे आणि शेकणे, गोचीडनाशकाची योग्य मात्रेत आणि गट बदलत फवारणी. अर्धवट मात्रा वापरत राहिल्यास गोचीड त्या औषधाला सरावतात. फवारलेली जनावरे त्याच दिवशी ओढ्यात सोडू नयेत आणि पंप ओढ्यात धुऊ नयेत; मलप्रभा आणि म्हादई दोन्ही नद्या याच तालुक्यात उगम पावतात आणि डेल्टामेथ्रिनसारखी औषधे मासे व खेकडे यांना अत्यल्प प्रमाणातही मारक ठरतात. गावातल्या कुत्र्यांना रेबीजसोबत डिस्टेंपरची लस मिळाली, तर बिबट्या आणि कोळसून यांच्यासाठी त्याहून स्वस्त संरक्षण दुसरे नाही, असे माझे मत आहे.

नमुने पाठवताना बंगळूरच्या हेब्बाळ येथील पशुआरोग्य संस्थेकडे किंवा बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाच्या परजीवीशास्त्र विभागाकडे आधी विचारणा करावी आणि वनखात्याच्या परवान्याची प्रत जोडावी. प्रत्येक प्राण्याच्या किमान दोन काचा कराव्यात: एक पाठवण्यासाठी आणि एक, रंगवलेली व तेल झायलीनने पुसून काढलेली, आपल्याकडे ठेवण्यासाठी. ती लाकडी पेटीत न ठेवता सिलिकाच्या पुड्या टाकलेल्या हवाबंद डब्यात ठेवावी आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवून पुन्हा घालाव्यात. नाहीतर एका पावसाळ्यात काचेवर बुरशीचे जाळे येते आणि तिच्या बीजाणूंना पुढचा वाचक नवा परजीवी समजतो.